वऱ्हाडातील मीठ आणि खाऱ्या खाद्यपदार्थांची ओढ : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

अन्न ही मानवाची मूलभूत गरज होय. तथापि मनुष्य काय खातो, किती खातो आणि कोठे थांबतो, हे केवळ गरजेवरून ठरत नाही; ते इतिहासावरूनही ठरते. राजकीय इतिहासाच्या लेखनात खाद्यसंस्कृतीकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. त्यातही मिठाचा विचार दांडीयात्रेच्या प्रकरणापुरताच मर्यादित राहिला.

अकोला शहरातील जठारपेठ ही वस्ती आणि बाजारपेठ या दोन्ही नात्यांनी परिचित असलेली पेठ आहे. सायंकाळच्या वेळी येथून फेरफटका मारला, तर कचोरी, समोसा, शेव, चिवडा, मिश्र फरसाण आणि पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा जागोजागी दृष्टीस पडतात. मूठभर फरसाण तोंडात टाकल्यावर हात पुन्हा पुड्याकडे जातो आणि पुडा रिकामा झाल्यावरच थांबतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. या ओढीला सामान्यतः ‘जिभेचे चोचले’ किंवा ‘मनोनिग्रहाचा अभाव’ असे म्हटले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खाऱ्याची ओढ प्राचीन आहे, पण तिच्यावर कर, अंतर, ऋतू आणि श्रम यांची बाह्य बंधने होती. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत ही बंधने एकामागून एक गळून पडली. वऱ्हाडच्या संदर्भात ही प्रक्रिया तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. ओढीचे शारीरिक मूळ :

सोडियम हे मूलद्रव्य मज्जासंस्थेच्या कार्यासाठी आणि शरीरातील द्रवांच्या समतोलासाठी अत्यावश्यक आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्या शाकाहारी प्राण्यांच्या आहारात ते अत्यल्प असते. म्हणूनच हरणे व गवे खारट माती चाटण्यासाठी दूरवर जातात. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डेरेक डेंटन यांनी या ‘मिठाच्या भुके’वर आयुष्यभर संशोधन केले. त्यांचा बृहद्ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून एक महत्त्वाची बाब पुढे आली. मिठाची भूक जागृत होताना मेंदूच्या अधश्चेतक भागात जी जनुके कार्यरत होतात, त्यांपैकी काही कोकेन व अफूजन्य पदार्थांच्या व्यसनाशी संबंधित असलेलीच आहेत. येथे क्रम ध्यानात घेतला पाहिजे. मिठाची यंत्रणा आधीची आहे. मादक द्रव्यांनी तिचा आयता वापर करून घेतला आहे.

मानवाची प्रत्यक्ष गरज मात्र फार थोडी आहे. ३२ देशांतील ५२ केंद्रांवर झालेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ अभ्यासात ब्राझीलमधील यानोमामी आदिवासींचा समावेश होता. त्यांच्या आहारात वरून घातलेले मीठ जवळजवळ नव्हते. त्यांचा रक्तदाब कमी होता आणि वयाबरोबर तो वाढतही नव्हता. म्हणजेच आपण मीठ खातो ते मुख्यतः आवडीपोटी, आणि आवड ही गरजेपेक्षा कितीतरी मोठी आहे. शिवाय मीठ केवळ खारटपणा देत नाही. ते कडवटपणा दाबून इतर चवींना पुढे आणते. मराठी भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. ‘अळणी’ हा शब्द मीठ नसलेल्या भाजीला लागतो, तसाच रस नसलेल्या भाषणालाही लागतो.

२. अंतर आणि कर यांचे बंधन :

वऱ्हाड हा समुद्रापासून दूर असलेला प्रदेश आहे. रेल्वेपूर्व काळात कोकणपट्टीवरील मीठ घाटावर आणि त्यापुढे देशावर येई, ते मुख्यतः बंजारा समाजाच्या बैलांच्या तांड्यांवरून. शेकडो मैलांच्या या प्रवासामुळे मीठ ही जपून वापरण्याची वस्तू होती. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ या वाक्प्रचारात मीठ हे अन्नदात्याच्या उपकाराचे प्रतीक आहे, तर ‘मीठभाकर’ हा शब्द गरिबाच्या किमान अन्नाचा वाचक आहे. चैनीचा अर्थ या दोहोंतही नाही.

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. ब्रिटिश राजवटीत मीठ हे महसुलाचे हुकमी साधन होते, कारण त्यावाचून कोणाचेच चालत नाही. पश्चिमेकडील कमी कराचे मीठ जास्त कराच्या प्रदेशांत जाऊ नये म्हणून अंतर्गत जकातीची एक प्रचंड सीमारेषा आखण्यात आली. १८६९ च्या सुमारास सिंधू नदीपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत तिची लांबी सुमारे २,३०० मैल होती आणि सुमारे १२,००० माणसे तिच्या पहाऱ्यावर होती. या रेषेवर जे काटेरी कुंपण वाढविण्यात आले, ते दक्षिणेकडे वऱ्हाडच्या शेजारील बऱ्हाणपूरपर्यंत येऊन पोहोचले होते. मिठासाठी उपखंडाच्या पोटातून कुंपण घालावे लागावे, यावरून त्या ओढीचे सामर्थ्य आणि तिच्यातून मिळणाऱ्या महसुलाचे महत्त्व ही दोन्ही स्पष्ट होतात. १८७९ मध्ये ही सीमारेषा रद्द झाली, परंतु कर राहिला. १८८२ मध्ये मिठावर मणामागे दोन रुपये असा सर्वसाधारण दर ठरला. १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. पुढे त्यात चढउतार होत राहिले आणि अखेर १९४७ मध्ये हा कर रद्द करण्यात आला.

दरम्यान अंतराचे बंधन त्याआधीच सैल झाले होते. १८६७ मध्ये भुसावळहून अकोला, बडनेरा मार्गे नागपूरपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. या मार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे गेला आणि मुंबईकडचे मीठ व किराणा वऱ्हाडात आले.

३. खारपाणपट्टा : मीठ असूनही मीठ नाही :

वऱ्हाडच्या मिठाच्या इतिहासाला एक विलक्षण स्थानिक बाजू आहे. अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. येथील भूगर्भातील पाणी खारे आहे. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा परिसरात अशा विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढले जाई. ब्रिटिश अंमलात त्यावर बंदी आली. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात १९३० साली मिठाचा सत्याग्रह कोठे करावयाचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच दहीहंड्याने दिले. एप्रिल १९३० मध्ये तेथील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदेभंग करण्यात आला. अशी ठिकाणे मोजकी असल्याने वऱ्हाडातील आंदोलनाने लवकरच जंगल सत्याग्रहाचे रूप घेतले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे गवत कापून त्याचा प्रारंभ केला.

ज्या विहिरींच्या मिठासाठी माणसे तुरुंगात गेली, त्याच पट्ट्यात खारे पाणी हे आजही संकट आहे. ते पिकाला मानवत नाही. ते पिणाऱ्या गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. पाण्यावाटे क्षार पोटात जाणाऱ्या या प्रदेशात खाऱ्या पुड्यांचा खप वाढणे ही केवळ रुचीची बाब राहत नाही. म्हणूनच प्रस्तुत विषय अभ्यासाच्या पलीकडे, आरोग्याच्या प्रश्नापर्यंत जातो.

४. ऋतू आणि श्रम यांचे बंधन :

कर आणि अंतर यांखेरीज आणखी एक बंधन घरातच होते. वऱ्हाडातील परंपरागत खारे पदार्थ पाहिले, तर ते प्रामुख्याने उन्हाळी वाळवणाचे आहेत : उडदा-मुगाचे व ज्वारीचे पापड, गव्हाच्या कुरडया, सांडगे, वड्या. या पदार्थांत मिठाचे कार्य चवीइतकेच टिकविण्याचे होते. गहू भिजवून चीक काढणे, पीठ कुटणे, लाट्या करणे, उन्हात घालणे आणि राखणे ही कामे घरातील आणि शेजारच्या स्त्रियांनी मिळून करावयाची. शेव, चकली, चिवडा हे दिवाळीच्या फराळाचे मानकरी होते. तेल महाग होते आणि कढई रोज चढत नव्हती.

या व्यवस्थेत पदार्थाची चव आजच्यापेक्षा कमी मोहक होती असे नाही. परंतु डबा एकच होता, तो फळीवर होता आणि तो वर्षभर पुरवावयाचा होता. मुलाच्या हातावर किती ठेवावयाचे, हे डबा भरणाऱ्या हातांना ठाऊक असे. खाणाऱ्याच्या संयमाचा भार अशा रीतीने करणाऱ्याच्या श्रमावर टाकलेला होता. या श्रमाची किंमत स्त्रियांनी मोजली, हे विसरून त्या काळाचे गुणगान करणे मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही.

५. बाजार आणि पुडा :

फाळणीनंतरच्या काळात पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने शेगावच्या रेल्वेस्थानकावर कचोरी विकण्यास सुरुवात केली आणि ‘शेगाव कचोरी’ हे नाव सर्वदूर झाले. मूळ बिकानेरच्या हल्दीराम घराण्याची एक शाखा १९७० च्या सुमारास नागपुरात स्थिरावली आणि नमकीन हा विदर्भातील एक मोठा उद्योग झाला. १९९० च्या दशकात बहुराष्ट्रीय कंपन्यांचे बटाट्याचे वेफर्स आले. त्याच दशकात पामतेलाची आयात खुली झाली आणि तळण्याचे माध्यम स्वस्त झाले. अकोला हे तर डाळ गिरण्यांचे प्रसिद्ध केंद्र. त्यामुळे फरसाणाचा कच्चा माल हाताशीच होता.

कचोरी आणि पुडा यांत मोठा भेद आहे. कचोरी गरम खावी लागते, ती त्या ठिकाणी जाऊन खावी लागते आणि एक-दोन खाल्ल्यावर पोट भरते. नायट्रोजन वायू भरलेला बहुस्तरीय पुडा काही महिने टिकतो. तो गल्लीच्या टोकाला मिळतो आणि मुलाच्या खिशातील नाण्याला परवडतो. स्थळ, काळ आणि श्रम ही तिन्ही बंधने त्याने एकाच वेळी दूर केली.

६. हात का थांबत नाही ? :

आधुनिक संशोधनाने या प्रश्नावर बराच प्रकाश टाकला आहे. अमेरिकेतील टेरा फॅझिनो व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘अतिरुचकर’ पदार्थांची व्याख्या मांडली. २५ टक्क्यांहून अधिक उष्मांक मेदातून आणि वजनाच्या किमान ०.३० टक्के सोडियम, असा त्यातील एक निकष आहे. तेलात तळलेली आणि वरून मीठ-मसाला लावलेली शेव या निकषात सहज बसते. निसर्गात मेद आणि मीठ या प्रमाणात एकत्र क्वचितच आढळतात.

आवाजाचाही यात वाटा आहे. २००४ मध्ये झाम्पिनी व स्पेन्स यांनी वेफर्स खाणाऱ्यांना त्यांच्याच चावण्याचा आवाज श्रवणयंत्रातून मोठा करून ऐकविला. तेव्हा तेच वेफर्स त्यांना अधिक कुरकुरीत व ताजे वाटले. याशिवाय एकाच चवीचा पदार्थ खाताना त्या चवीपुरती तृप्ती लवकर येते, चव बदलत राहिली की ती लांबते. आपल्या मिश्र फरसाणात शेव, पापडी, शेंगदाणे, डाळ आणि कढीपत्ता असल्यामुळे प्रत्येक घास नवा असतो. प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी हे सूत्र आपल्या हलवायांच्या हाताला गवसले होते.

केवळ मिठाला दोष देणेही योग्य ठरणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात अतिप्रक्रियायुक्त आणि साधा असे दोन आहार प्रत्येकी दोन आठवडे दिले. पुढ्यात ठेवलेल्या अन्नात मीठ, साखर व मेद यांचे प्रमाण सारखे राखूनही पहिल्या आहारात लोकांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त घेतले. म्हणजे ओढ एका घटकात नसून पदार्थाच्या एकूण घडणीत आहे.

मग यास ‘व्यसन’ म्हणावे काय ? अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानसूचीत अन्नाच्या व्यसनाला स्थान नाही. मद्य किंवा तंबाखूशी त्याची सरसकट बरोबरी करणे धाडसाचे होईल. शिवाय ही आवड घडविता येते तशी घटविताही येते. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांनी पाच महिने कमी मिठाचा आहार घेतला, तेव्हा त्यांना आवडणारे मिठाचे प्रमाणच कमी झाले. जीभ शिकते, याचा हा आशादायक पुरावा आहे.

निष्कर्ष :

१) खाऱ्या पदार्थांची ओढ ही टंचाईच्या काळात घडलेली शारीरिक प्रेरणा आहे, ती आजच्या पिढीचा दुर्गुण नव्हे.

२) वऱ्हाडात या ओढीवर अंतर, कर, ऋतू आणि स्त्रियांचे श्रम यांची बंधने होती. लोहमार्ग, करमुक्ती, स्वस्त तेल आणि हवाबंद पुडा यांनी ती क्रमाने दूर केली.

३) यांतील मीठकराचे बंधन अन्यायकारक होते आणि ते झुगारून देणे हा स्वातंत्र्यलढ्याचा गौरवशाली भाग आहे. परंतु जुन्या बंधनांच्या जागी समाजाने नवी, विचारपूर्वक स्वीकारलेली मर्यादा उभी केली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. भारतातील विविध पाहण्यांत हे प्रमाण सुमारे ८ ते ११ ग्रॅम आढळले आहे.

४) शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत मेद, साखर व मीठ जास्त असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई करणारे विनियम २०२० मध्ये आले. वेष्टनाच्या दर्शनी भागावरील इशाऱ्याचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर होता. नव्या मर्यादेचे हे प्रारंभिक प्रयत्न होत. तथापि महाविद्यालयाचे उपाहारगृह या विनियमांच्या कक्षेबाहेर राहते. तेथे काय ठेवावे, हा निर्णय आपल्याच, म्हणजे प्राध्यापक वर्गाच्या, हाती आहे.

पूर्वी मिठाभोवतीचे कुंपण सरकारने घातले होते आणि ते तोडणे हे कर्तव्य होते. आज ते घालावयाचे झाल्यास नागरिकांनी स्वतः, जाणीवपूर्वक घालावे लागेल. दहीहंड्याच्या विहिरींचा वारसा सांगणाऱ्या वऱ्हाडाने या विचाराला प्रारंभ करणे सर्वथा उचित ठरेल.