जुगाराचे नुकसान कसे मोजायचे? मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू ब्राऊन यांचे संशोधन

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल या तरुणाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणारा वैर ओढवून घेतो. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. हातातली संपत्ती जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सहकारी त्याला कमी लेखतात. लग्नसंबंध जुळवताना त्याला कोणी विचारात घेत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात सिगालाला केलेला उपदेश घेतला आहे.

या सहा तोट्यांत पैसा प्रत्यक्ष जाण्याचा तोटा एकच आहे. बाकीचे मनाचे, नात्यांचे आणि समाजातल्या विश्वासाचे आहेत. आज जुगाराचा अभ्यास सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने करणारे संशोधकही अशाच विस्तृत यादीपर्यंत आले आहेत. त्यांपैकी एक महत्त्वाचे नाव ऑस्ट्रेलियातील सेंट्रल क्वीन्सलँड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू ब्राऊन यांचे आहे.

आधीची पद्धत काय होती?

अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये अनिवार जुगाराला मानसिक विकारांच्या यादीत स्थान दिले. त्यामुळे जुगाऱ्याला उपचार मिळण्याची वाट मोकळी झाली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर एक समजही पक्का झाला की, जुगाराचा प्रश्न म्हणजे व्यसनी झालेल्या मोजक्या माणसांचा प्रश्न.

कॅनडात २००१ मध्ये तयार झालेली नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आजही अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात ८ किंवा जास्त गुण मिळाले तर व्यक्ती ‘समस्याग्रस्त जुगारी’ ठरते. ३ ते ७ गुण म्हणजे मध्यम जोखीम, १ किंवा २ म्हणजे कमी जोखीम. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात समस्याग्रस्त ठरणारे प्रौढ शंभरात एकाहूनही कमी होते. मग उद्योगाला म्हणता येते की बाकीचे नव्व्याण्णव जण मजेत आहेत. ‘जबाबदारीने खेळा’ ही सूचनाही याच विचारातून येते. खेळ ठीक आहे, चूक खेळणाऱ्याची, असा तिचा अर्थ होतो.

नुकसानाचे सात प्रकार

ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न बदलला. व्यसनी किती आहेत, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारले की, जुगारामुळे कोणाचे काय आणि किती बिघडते? एरिका लँगहॅम या पहिल्या लेखिका असलेल्या २०१६ च्या शोधनिबंधात या गटाने नुकसानाचे सात प्रकार मांडले: आर्थिक, नातेसंबंधांतील, भावनिक, शारीरिक आरोग्याचे, सांस्कृतिक, म्हणजे आपल्या समाजापासून तुटणे, नोकरी व शिक्षणातले, आणि गुन्ह्यांशी जोडलेले.

हे नुकसान खेळणाऱ्यापुरते थांबत नाही. कुटुंब आणि वस्तीलाही ते भोगावे लागते, आणि खेळ सुटल्यावरही मागे उरते. कर्ज फेडून होते, पण मोडलेले लग्न किंवा मुलांचे सुटलेले शिक्षण परत मिळत नाही. याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासानुसार एका समस्याग्रस्त जुगाऱ्यामुळे साधारणपणे आणखी सहा माणसांना झळ बसते. मध्यम जोखमीच्या खेळाडूमुळे तिघांना, तर कमी जोखमीच्या खेळाडूमुळे एकाला.

धक्का देणारा हिशेब

व्हिक्टोरियासाठी २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात रोगांचा भार मोजण्याची पद्धत जुगाराला लावण्यात आली. वेगवेगळ्या पातळीवरच्या खेळाडूंच्या आयुष्याची वर्णने लोकांपुढे ठेवली गेली. असे जगणे पूर्ण निरोगी आयुष्याच्या तुलनेत किती मोलाचे, हे त्यांनी ठरवले. शून्य म्हणजे काहीच हानी नाही, एक म्हणजे मृत्यूइतकी हानी, या मापावर समस्याग्रस्त जुगाऱ्याची हानी ०.४४ निघाली आणि कमी जोखमीच्या खेळाडूची ०.१३.

माणशी पाहिले तर समस्याग्रस्त जुगाऱ्याचेच हाल सर्वांत जास्त. पण कमी जोखमीच्या गटात माणसे कितीतरी जास्त असतात. सगळी बेरीज केली तेव्हा राज्यातल्या एकूण हानीपैकी सुमारे १५ टक्के समस्याग्रस्त गटात, ३४ टक्के मध्यम गटात आणि ५० टक्के कमी जोखमीच्या गटात निघाली. एकूण भार तीव्र नैराश्य आणि दारूचे दुष्परिणाम यांच्या जवळ जाणारा होता.

याचा अर्थ असा की केवळ व्यसनी माणसाला केंद्रात ठेवून आखलेले धोरण बहुतेक हानीला स्पर्शच करत नाही. वस्तीत काम करताना हे लगेच पटते. घरभेटीत ‘माझा नवरा व्यसनी आहे’ असे कोणी म्हणत नाही. या महिन्यात बचत गटाचा हप्ता का चुकला, एवढेच हळू आवाजात सांगितले जाते.

आक्षेप आणि उत्तर

या निष्कर्षांवर टीकाही झाली. पॉल डेलफॅब्रो आणि डॅनियल किंग यांनी २०१७ मध्ये प्रश्न उभा केला की खर्चायला थोडे पैसे कमी उरणे हे खरेच ‘नुकसान’ आहे का? सिनेमाला गेले तरी पैसे कमी होतातच. हा आक्षेप रास्त आहे, कारण व्याख्या सैल ठेवली तर कशालाही हानी म्हणता येईल.

ब्राऊन यांच्या गटाने २०१८ मध्ये दहा प्रश्नांची छोटी चाचणी प्रसिद्ध केली. बचत घटली का, वस्तू विकावी लागली का, लाज वाटली का, जवळच्या माणसांना वेळ कमी दिला का, असे साधे प्रश्न तिच्यात आहेत. या चाचणीतले गुण जसे वाढतात तसे माणसाचे एकूण समाधान घटते, असे आढळले. तरी नेमकी रेषा कुठे ओढायची, हा वाद चालू आहे.

धोरणात काय बदलते?

हानी सर्वत्र पसरलेली असेल तर उपायही खेळाच्या रचनेवर आणि उपलब्धतेवर करावे लागतात: यंत्रांचा वेग, पैजेची मर्यादा, जाहिराती, चालू राहण्याचे तास. ऑस्ट्रेलियन संसदेच्या समितीने खासदार पेटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखाली जून २०२३ मध्ये ३१ शिफारशी केल्या. ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करणे ही त्यांपैकी एक. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’च्या आयोगाने जगभरात सुमारे ४५ कोटी प्रौढांना जुगाराचा काही ना काही त्रास किंवा धोका असल्याचा अंदाज दिला. त्यांपैकी विकाराच्या पातळीवर सुमारे ८ कोटी आहेत. उरलेले ३७ कोटी जुन्या मोजणीत दिसतच नाहीत.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ पुरवणाऱ्यावर आणि जाहिरात करणाऱ्यावर कारवाई आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारविरोधी कायदा आहे, आणि १९६९ पासून राज्याची स्वतःची लॉटरीही आहे. पण किती धाडी पडल्या, किती महसूल आला, एवढ्याने घरात काय बिघडले हे कळत नाही. ते कळण्यासाठी ब्राऊन यांच्या चाचणीसारखे दहा साधे प्रश्न मराठीत, घरोघरी विचारावे लागतील, आणि ते खेळणाऱ्याइतकेच त्याच्या पत्नीला, आईलाही विचारावे लागतील.

सिगाल स्वतः जुगारी नव्हता. वडिलांच्या सांगण्यावरून सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करणारा तो साधा गृहस्थपुत्र होता. भगवान बुद्धांनी हा उपदेश व्यसनात बुडालेल्याला नव्हे, तर त्याला केला.