जुन्या ओबोचा पहिला श्वास

सनई आपल्या मंगलकार्यात नेहमीची. दुहेरी पत्ती ओठांत धरून फुंकायची, हे तिचे तत्त्व युरोपातील ओबो या वाद्यातही आहे. आम्ही संगीताचे पंडित नव्हे. आयुष्य कामगारांत गेले. त्याच नजरेने या वाद्याकडे पाहतो.

सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या राजदरबारी ओबो आकाराला आला. त्याचे श्रेय ज्यांना देतात त्यांतील ऑत्तेतेर घराणे कातारी होते. ऐकले दरबाराने, लाकूड कातले कारागिराने! एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या त्रिएबेर कारखान्याने चाव्यांची यंत्रणा सुधारून त्याला आधुनिक रूप दिले. फ्रेदेरिक त्रिएबेर १८७८ साली वारला. तेथला मुकादम फ्रान्स्वा लोरे याने १८८१ साली स्वतःचा कारखाना काढला, म्हणून त्याचे नाव उरले. चाव्या घासणारे, भोके पाडणारे इतर हात निनावीच राहिले. वाद्यावर शिक्का मात्र कारखान्याचा.

असा जुना ओबो आज दुरुस्त होतो. तडा सांधतात, चाव्यांखालच्या गाद्या बदलतात. मग प्रश्न येतो स्वराचा. फ्रान्सने १८५९ साली जुळणीचा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांचा ठरविला. १९३९ च्या लंडन परिषदेने ४४० सुचविला. वाद्यवृंद सहसा ओबोवरूनच स्वर जुळवतो. तेव्हा जुने वाद्य चढवावे, वरचा तुकडा आखूड करावा, भोके वाढवावीत, असा मोह होतो. आमचे मत स्पष्ट आहे: करू नये. त्या निनावी हातांचा लेखी पुरावा नाही. लाकडाचे माप हाच त्यांचा दस्तऐवज. तो छाटला की साक्षीदार गेला.

वाजवितानाही उतावीळपणा चालत नाही. वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या लाकडात उबदार, ओला श्वास शिरला की आतली बाजू फुगते. बाहेरची कोरडीच राहते आणि लाकूड चिरते. म्हणून पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटेच वाजवायचे, तुकडे सुटे करून फडक्याने पुसायचे, मग आठवड्या-आठवड्याने वेळ वाढवायचा.

संघटना बांधतानाही आम्ही हेच शिकलो. दीर्घकाळ गप्प राहिलेल्याकडून पहिल्याच दिवशी आरोळीची अपेक्षा धरू नये. त्याला त्याच्याच स्वरात, धीराने बोलू द्यावे.