मेहेरबानी : एका शब्दाची हकीकत

‘मेहेरबानी’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ कृपा, ममता. जुन्या पत्रव्यवहारात ‘मेहेरबान’ हे सन्मानाचे संबोधन होते. पुढे इंग्रजी अंमलात ते अर्जाच्या माथ्यावर बसले, आणि कचेरीच्या कागदांत ‘मे. कोर्ट’ या रूपाने आजही टिकून आहे. पण बोलण्यात मात्र या शब्दाला काटे फुटले. ‘मोठी मेहेरबानी झाली!’ असे म्हणणारा आभार मानीत नाही, हे लहान मूलही ओळखते. कृपेच्या शब्दाचा टोमणा का व्हावा?

मला याचे उत्तर मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात दिसते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज केला. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, अशा त्यातल्या मागण्या. रविवारची सुटी मालकसंघाने मान्य केली ती १० जून १८९० रोजी. मालकांनी दिलेली सुटी मालकांना काढूनही घेता आली असती. १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुटी आली, तेव्हा ती हक्काची झाली.

बोनसची कथाही हीच. महायुद्धात नफा वाढला, म्हणून १९१७ पासून गिरण्यांनी बोनस दिला. कामगार तो पगाराचाच भाग समजू लागले. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला आणि १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. चौकशी समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे इतकी वर्षे मिळाली ती मेहेरबानीच! १९६५ च्या कायद्याने, नफा असो वा नसो, किमान ४ टक्के बोनस बांधून दिला, तेव्हा हा वाद मिटला.

शेजारी अडीनडीला धावून येतो, त्याला आपण मेहेरबानी म्हणत नाही. देणारा ज्याचे माप स्वतः ठरवतो, मनास येईल तेव्हा हात आखडतो आणि वर कृतज्ञतेची अपेक्षा धरतो, ती मेहेरबानी. म्हणूनच शब्द कडवट झाला.

हा दोष केवळ मालकांचा नव्हे. ‘मी तुम्हांला मिळवून दिले’ असे आम्ही पुढारी सभेत म्हणतो, तेव्हा आम्हीही मेहेरबानच होतो. मिळवलेले असते ते संपात उपाशी राहिलेल्यांनी.