मेकरस्पेस म्हणजे काय? यंत्रं सगळ्यांची असतील, तर जागेचा खर्च कोण करतं?

रत्नागिरीत घरी बसून लाकडी नावाच्या पाट्या, करवंटीचे दागिने किंवा मखराचे सुटे भाग बनवून विकणारा एखादा कलाकार डोळ्यांसमोर आणा. नक्षी तयार आहे, ऑर्डरही हातात आहे. घोडं अडतं ते कापण्यावर. बारीक जाळीचं काम हाताने करायचं तर एका तुकड्यात अर्धा दिवस जातो. लेझर कटर तेच काम काही मिनिटांत करतो, पण चांगल्या यंत्राची किंमत लाखांच्या घरात जाते. कर्ज काढून ते घेतलं तरी दिवसभर चालेल इतकं काम एकट्याकडे नसतं. मग फाइल कोल्हापूरला किंवा मुंबईला पाठवायची, माल यायची वाट बघायची आणि माप दोन मिलिमीटरने चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या अडचणीवर जगभर वापरलं जाणारं एक उत्तर म्हणजे मेकरस्पेस.

नेमकं काय असतं तिथे?

सोप्या शब्दांत सांगायचं तर ही सामायिक कार्यशाळा. लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर, संगणकावर चालणारं कोरीवकामाचं यंत्र, स्टिकर कापणारं व्हिनाइल कटर, सोल्डरिंगचं टेबल आणि सुताराची नेहमीची हत्यारं एका छताखाली ठेवलेली असतात. सभासद महिन्याची किंवा तासाची फी भरून ती वापरतात.

बाजारातल्या लेझर कटिंगच्या दुकानात आणि इथे एक मोठा फरक आहे. दुकानात आपण फाइल देतो आणि कापलेला माल घेऊन येतो. मेकरस्पेसमध्ये यंत्र स्वतः चालवायचं असतं आणि ते शिकवायला तिथे कुणीतरी असतं. पहिला तुकडा फुकट गेला, तर का गेला हे तिथल्या तिथे कळतं. शेजारच्या टेबलावर दुसरं कुणी काम करत असतं, त्याच्याकडून चार गोष्टी कानावर पडतात त्या वेगळ्याच.

कोकणाला ही कल्पना अगदीच परकी नाही. गणपतीच्या मूर्ती घडतात त्या जागेला इथे कारखान्याइतकंच सहज ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. घरोघरचे पाट तिथे येतात, आणि आळीतली पोरं माती मळण्यापासून सुरुवात करून हळूहळू रंगापर्यंत पोचतात. काम आणि शिक्षण एकाच जागी चालतं. फक्त ही शाळा मालकाची असते आणि चतुर्थी झाली की बंद होते.

ना-नफा म्हणजे फुकट नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. ना-नफा संस्था फी घेऊ शकते, वस्तू विकू शकते, पगारही देते. उरलेले पैसे मात्र मालकाच्या किंवा भागधारकांच्या खिशात न जाता संस्थेच्या कामातच परत घालावे लागतात. भारतात अशी संस्था ट्रस्ट, सोसायटी किंवा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी म्हणून उभी राहते.

पाबळची फॅब लॅब

महाराष्ट्रातलं याचं सगळ्यात ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यातलं पाबळ हे गाव बहुतेकांना मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून पीएचडी करून आलेले. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली वरिष्ठ नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी मुद्दाम दुष्काळी भागातलं हे गाव निवडलं.

त्यांचं म्हणणं असं की हाताने काम करता करता माणूस लवकर शिकतो आणि शाळेत नापास ठरलेली मुलंही त्याला अपवाद नसतात. त्यातून शाळा सुटलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा निवासी अभ्यासक्रम उभा राहिला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे त्याचे चार भाग. वेल्डिंग शिकायचं तर खोटा तुकडा जोडून उपयोग नाही, गावातल्या कुणाला तरी हवी असलेली वस्तू बनवायची आणि तिचे पैसे घ्यायचे. विद्यार्थ्यांचा सराव आणि गावाची सोय अशी एकाच कामात बसवलेली.

याच काळात अमेरिकेत एमआयटी या संस्थेत प्राध्यापक नील गर्शनफेल्ड एक वेगळा वर्ग चालवत होते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या वर्गाचं नावच ‘जवळपास काहीही कसं बनवावं’ अशा अर्थाचं होतं. इंजिनीअर तर आलेच, पण कलाकार आणि वास्तुरचनाकारही त्याला गर्दी करू लागले. त्यातून छोट्या, परवडणाऱ्या यंत्रांचा एक ठरावीक संच करून तो विद्यापीठाबाहेर न्यायची कल्पना निघाली. हीच फॅब लॅब. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये सुरू झाली ती लंडन-टोकियोत नव्हे, पाबळला. आज जगात अशा दोन हजारांहून अधिक लॅब आहेत.

पाबळच का? कारण तिथे प्रश्न आधीपासून तयार होते. दुधाची प्रत तपासायला स्वस्त उपकरण हवं होतं, शेतावरच्या डिझेल इंजिनांचं टायमिंग नीट लावायचं होतं. कलबागांना यंत्रं हवी होती ती यासाठी. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, त्यांचं निधन झालं. आश्रम आणि लॅब मात्र चालू राहिली, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ही लॅब एकटी उभी नाही. तिच्या भोवती अभ्यासक्रम आहे, वसतिगृह आहे, शाळांसाठीचे कार्यक्रम आहेत. नुसत्या यंत्राच्या भाड्यावर ती टेकलेली नाही.

दरबार हॉलमधली कार्यशाळा

पाबळमध्ये भर तंत्रज्ञानावर आहे. कलाकारांचं काय, या प्रश्नाचं जुनं उत्तर मात्र कोकणातच सापडतं, सावंतवाडीत. आज हे गाव सिंधुदुर्गात असलं तरी हा जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती, आणि ही गोष्ट त्या काळातली.

सावंतवाडीची लाखकामाची लाकडी खेळणी आणि चितार आळी महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. त्याच परंपरेतली गंजिफा मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर संपत आली होती. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, म्हणजे एका जोडात १२० पत्ते. चिंचोक्याचा लेप, रंग आणि वर लाख असं एकावर एक थर देत ते बनतात. छापील पत्ते आल्यावर इतकी मेहनत परवडणार कुणाला? ही कला अवगत असलेले जवळजवळ शेवटचे कारागीर उरले होते पुंडलिक चितारी, तेही वृद्धापकाळात.

संस्थानिक शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली. नुसता आश्रय देणं आणि शिष्य होऊन समोर बसणं यात अंतर आहे. पुढे त्यांनी इतरांना शिकवलं, आणि १९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कलाकारांना बसायला जागा मिळाली. गंजिफाबरोबर लाखकाम केलेलं फर्निचर, ट्रे, डबे अशा रोज खपणाऱ्या वस्तूही तिथे बनू लागल्या. पर्यटक राजवाडा पाहायला येतात, कलाकाराला काम करताना बघतात आणि जाताना काहीतरी विकत घेतात. शिवरामराजे १९९५ मध्ये गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये. काम थांबलं नाही. सावंतवाडीच्या गंजिफाला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळालं.

तिला कुणी मेकरस्पेस म्हटलं नाही, आणि आजच्या व्याख्येत ती काटेकोर बसतही नाही. ती राजघराण्याची आहे, कुणीही फी भरून आत यावं अशी जागा नाही. पण एकट्या कलाकाराला न परवडणाऱ्या तीन गोष्टी, म्हणजे जागा, शिकवणारा आणि गिऱ्हाईक, तिथे एकत्र आल्या. यातली शेवटची गोष्ट बऱ्याच आधुनिक मेकरस्पेसना जमलेली नाही.

फीवर भागत का नाही?

अमेरिकेत ‘टेकशॉप’ नावाची कंपनी २००६ मध्ये सुरू झाली. जिमसारखी महिन्याची वर्गणी भरा आणि यंत्रं वापरा, असा साधा हिशेब. दहा केंद्रं उघडली, सभासद भरपूर होते, नावही झालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळी केंद्रं एकदम बंद झाली आणि कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जाता जाता कंपनीने दिलेली कबुली महत्त्वाची होती: बाहेरून पैशाचा आधार नसेल तर नफ्यासाठी असा उद्योग चालवणं जमत नाही.

हिशेब बघितला की कारण कळतं. यंत्राचा खर्च एकदाच होतो आणि त्याला देणगीदारही मिळतो, कारण यंत्रावर पाटी लावता येते. विजेचं बिल, लेझरची नळी बदलणं, भाडं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळी कुलूप उघडून संध्याकाळपर्यंत शिकवत उभा राहणारा माणूस, हा खर्च दर महिन्याला येतो. त्यावर पाटी लागत नाही. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत हा मुद्दा निदान कागदावर तरी मान्य झालेला दिसतो. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान आहे, त्यातले १० लाख उभारणीला आणि तेवढेच पाच वर्षं चालवायला.

रत्नागिरीत काय होऊ शकतं?

शिकलेल्या हातांची इथे वानवा नाही. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, देवरुखला कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन आहे. प्रश्न पदवीनंतरचा आहे. स्टुडिओ, भट्टी, मोठं टेबल, यंत्र हे सगळं कॉलेजच्या दारातच सुटतं, आणि मग मुंबईची गाडी पकडायची की घरच्या पडवीत जमेल तेवढं करायचं, एवढेच पर्याय बऱ्याच जणांपुढे राहतात.

सरकारी मदत आहे, पण तिचा आकार बघायला हवा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय येतात. त्यात मूर्तिकार आहेत, खेळणी बनवणारेही आहेत. त्यांना प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. १५ हजारांत चांगली हातहत्यारं येतात, लेझर कटर येत नाही. शिवाय करवंटीचे दागिने ऑनलाइन विकणारी पदवीधर मुलगी पारंपरिक व्यवसायाच्या या यादीत सहज बसत नाही.

मेकरस्पेसच्या जवळ जाणारी सरकारी सोय म्हणजे ‘सामाईक सुविधा केंद्र’. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या समूह विकास योजनांमध्ये महागडी यंत्रं एका जागी बसवायला मोठं अनुदान मिळतं. त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करता येते. मात्र अर्ज एकट्याला करता येत नाही. आधी उद्योजकांनी मिळून एक संस्था नोंदवायची, स्वतःचा वाटा उभा करायचा, जागा दाखवायची आणि केंद्र पुढे कसं चालवणार ते प्रकल्प अहवालात लिहायचं. पाट्या कोरणारा, मूर्तिकार आणि दागिने बनवणारी या तिघांना एकाच अर्जावर सह्या करायच्या असतील, तर कोणतं यंत्र आधी घ्यायचं, गणपतीच्या आधीचे दोन महिने ते कुणाला मिळणार, बिघडलं तर भरपाई कुणी करायची आणि किल्ली कुणाकडे राहणार, हे सह्या करण्याआधीच ठरवून घ्यावं लागतं.