भयग्रस्ताचे सांत्वन : फ्रान्सिस डी सेल्स ते व्हिन्सेंट डी पॉल

धर्मगुरूकडे वा धर्मशिक्षकाकडे येणाऱ्या दुःखी जनांत एक वर्ग असा असतो की ज्याचे दुःख बाहेरून दिसत नाही. घरी अन्नवस्त्राची ददात नसते, कोणी अंथरुणास खिळलेले नसते. परंतु परमेश्वराने आपणांस टाकून दिले आहे ह्या भयाने त्याचा जीव पोखरला जात असतो. प्रार्थनेस बसावे तर ओठ हलत नाहीत, आणि हलले तर ह्या शब्दांवर आपला विश्वासच नाही असे वाटून भय दुणावते. अशा माणसास आपण बहुधा दोहोंपैकी एक उत्तर देतो. एक तर, विश्वास दृढ धरा म्हणजे भीती जाईल. नाहीतर आणखी एक नोव्हेना करा, आणखी एक उपवास धरा. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे ख्रिस्तसभेच्या अनुभवाशी पुरती जुळत नाहीत. ते दाखविण्यासाठी सतराव्या शतकाच्या आरंभीच्या सॅव्हॉय व फ्रान्स ह्या प्रदेशांतील तीन व्यक्तींची हकीकत येथे देत आहोत.

संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांचा जन्म 1567 साली सॅव्हॉयमधील थोराँ ह्या गावी झाला. 1578 च्या सुमारास ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले व येशूसंघीयांच्या क्लेर्मो महाविद्यालयात राहिले. त्या काळी पॅरिसच्या विद्वत्सभांत पूर्वनियतीचा वाद जोरात होता. कोण तरणार आणि कोण नरकात जाणार हे परमेश्वराने अनादिकालापासून ठरविले आहे काय, व ठरविले असल्यास ते कशाच्या आधारे, हा प्रश्न कॅल्व्हिनच्या अनुयायांप्रमाणे कॅथलिक पंडितही चर्चीत असत. पंडितांस तो वादाचा विषय होता. एकोणीस वर्षांच्या ह्या विद्यार्थ्यास तो स्वतःच्या जीवाचा झाला. 1586 च्या अखेरीस आपण नरकास नेमलेल्यांपैकीच आहोत ही कल्पना त्यांच्या मनात घर करून बसली. सुमारे सहा आठवडे त्यांची झोप व अन्न उडाले, शरीर खंगले.

ह्या अवस्थेत त्यांनी जी प्रार्थना केली तिचा आशय नीट पाहिला पाहिजे. मला वाचव, मला खात्री दे, असे त्यांनी म्हटले नाही. परलोकी तुझ्यावर प्रेम करणे माझ्या वाट्यास यावयाचे नसेल, तर निदान ह्या जन्मी तरी ते माझ्या हातून घडू दे, असा तिचा भाव होता. भय तसेच राहिले होते, उत्तर मिळालेले नव्हते, तरीही त्या स्थितीत जेवढे देता येण्याजोगे होते तेवढे त्यांनी देऊ केले. त्यानंतर एके दिवशी ते सेंत एतिएन दे ग्रे ह्या चर्चमध्ये शिरले. तेथे पवित्र मरियेची काळ्या वर्णाची एक पाषाणमूर्ती होती, आणि जवळच एका फळीवर ‘मेमोरारे’ ही प्रार्थना लिहिलेली होती. ती त्यांनी म्हटली आणि अंगावरील खपली गळून पडावी तसे ते भय गळून पडले. ते चर्च फ्रेंच राज्यक्रांतीत नष्ट झाले. मूर्ती मात्र वाचली व आज पॅरिसजवळील नय्यी येथे आहे.

येथे एक क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मनास विसावा आधी मिळाला. मूळ प्रश्नाचा उलगडा नंतर झाला. पुढे पादुआ येथे कायद्याबरोबर धर्मशास्त्राचा अभ्यास करीत असता त्यांनी तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला, आणि सर्व मनुष्यांचे तारण व्हावे ही परमेश्वराची खरी इच्छा आहे, ह्या मताशी ते स्थिर झाले. धर्मशास्त्र टाकून त्यांनी भक्तीचा आश्रय घेतला असे म्हणणे बरोबर नाही. परंतु बुडत्यास आधी हात द्यावा आणि पोहण्याचे नियम काठावर आल्यावर शिकवावे, हे सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेल्या आपल्या तरुण बंधूंच्या कित्येकदा ध्यानात राहत नाही.

आता ही हकीकत आपणांस कळली कशी? 1627 साली फ्रान्सिस ह्यांच्या संतपदाच्या चौकशीत जेन द शांताल ह्यांनी जी साक्ष दिली तीत ती आहे, आणि ती त्यांना खुद्द फ्रान्सिस ह्यांनी सांगितली होती. ती सांगण्याचे कारणही त्या नमूद करतात: आपण एका मानसिक क्लेशात होतो, तेव्हा आपले सांत्वन व्हावे म्हणून त्यांनी ती सांगितली. एका बिशपने आपल्या तारुण्यातील सर्वांत काळोखाचा काळ एका भयग्रस्त स्त्रीपुढे उघडा केला, ह्याचे मोल आम्हास त्या चमत्काराहून कमी वाटत नाही.

जेन ह्या मूळच्या दिजाँच्या. 1601 साली त्यांच्या पतीस शिकारीत चुकून गोळी लागली व ते मरण पावले. चार लहान मुले मागे राहिली. शोकात असताना त्यांना विश्वासाविरुद्ध विचार छळू लागले. मार्गदर्शक म्हणून जे धर्मगुरू प्रथम भेटले त्यांनी त्यांच्यावर प्रार्थना, ध्याने व उपवास ह्यांचा भार घातला, आणि वर चार व्रते घ्यावयास लावली: आपली आज्ञा पाळावी, मार्गदर्शक कधी बदलू नये, आपण सांगितलेले गुप्त ठेवावे, आणि आपल्या अंतःकरणाची गोष्ट दुसऱ्या कोणाजवळही बोलू नये. हेतू वाईट नसेल. परंतु बुडणाऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधावा तसे ते झाले.

1604 च्या उपवासकाळात फ्रान्सिस, जे आता जिनिव्हाचे बिशप होते, प्रवचनांसाठी दिजाँला आले. जिनिव्हा शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती असल्याने त्यांचा निवास आन्सी येथे असे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेंत क्लोद येथे त्यांनी जेन ह्यांचे सारे म्हणणे ऐकून घेतले. रात्रभर विचार करून, ती चार व्रते मनाची शांती नष्ट करण्यापलीकडे कशाच्याच उपयोगाची नाहीत, असा निर्वाळा त्यांनी दिला. सांत्वनाची पहिली पायरी अशी काहीतरी काढून घेण्याची होती. आमच्याकडे येणाऱ्यांतही असे कितीतरी असतात की नवस, व्रते व राहून गेलेल्या जपमाळा ह्यांच्या हिशेबानेच अर्धे भ्यालेले असतात. काही तर आधी एखाद्या मांत्रिकाच्या दारी जाऊन आलेले असतात आणि तेथूनही नवे भय घेऊन येतात. त्यांच्यावर आपण आणखी काय लादतो ह्याचा विचार व्हावा.

14 ऑक्टोबर 1604 रोजी फ्रान्सिस ह्यांनी जेन ह्यांना एक दीर्घ पत्र लिहिले. विश्वासाविरुद्ध उठणाऱ्या विचारांशी वाद घालू नका, त्यांना उत्तर देत बसू नका, असे ते सांगतात. शत्रू दाराबाहेर आरडाओरडा करीत आहे हे चिन्ह चांगले. तो घरात शिरलेला नाही म्हणूनच ओरडतो आहे. दार उघडून कोण आहे ते पाहावयास मात्र जाऊ नये. विचार येणे आणि त्यास संमती देणे ह्यांतील हा भेद नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आपण सर्वांनीच शिकला आहे. पण भ्यालेल्या माणसास तो पाठ म्हणून सांगून भागत नाही, असे दाराचे चित्र दाखवून समजवावा लागतो. (त्याच पत्रात अधूनमधून कोरड्याने शरीरदंड घेण्याचाही सल्ला आहे. तो त्या काळाचा होता. आज कोणी तो देऊ नये.) पुढे 1609 साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात त्यांनी मनाच्या उद्वेगावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. जाळ्यात सापडलेला पक्षी सुटण्यासाठी जितका फडफडतो तितका अधिक गुरफटतो, हा दृष्टान्त तेथे येतो.

फ्रान्सिस ह्यांचा परमेश्वराच्या प्रेमावरील ग्रंथ 1616 साली लियाँ येथे निघाला, त्याच वर्षी गोव्यात रायतूर येथे फादर स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. ह्या योगायोगास ह्याहून अधिक अर्थ नाही, पण मराठी वाचकास तो काळ डोळ्यांपुढे आणण्यास उपयोगी पडेल. नागपूरचे धर्मकार्य आणि मराठवाड्यातील घोगरगावचे धर्मकार्य ज्यांच्या हातून झाले ते फ्रान्सलियन मिशनरी 1838 साली आन्सी येथेच संघटित झाले व 1845 साली भारतात आले. तेव्हा ही परंपरा आमच्याकडील अनेक धर्मग्रामांस सर्वस्वी परकी नाही.

28 डिसेंबर 1622 रोजी फ्रान्सिस लियाँ येथे निवर्तले. त्यानंतर जेन ह्यांना मार्गदर्शन लाभले ते संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांचे. त्यांच्या नावाची सोसायटी आपल्या कितीतरी धर्मग्रामांत आहे, परंतु त्यांनी स्वतः भोगलेल्या अंधाराची कथा फारशी ठाऊक नसते. ती त्यांचे चरित्रकार आबेली ह्यांनी 1664 साली दिली. तिच्या तपशिलांविषयी अलीकडचे काही इतिहासकार शंका घेतात, हेही सांगितले पाहिजे. राणी मार्गरीत हिच्या पदरी एक विद्वान धर्मपंडित होता. काम नसल्याने रिकामपणात त्याच्या मनात विश्वासाविषयी घोर संशय उत्पन्न झाले. मिस्सा करणे, प्रार्थना म्हणणेही त्यास अशक्य झाले. व्हिन्सेंट ह्यांनी त्यास सांगितले: शब्द सोडा; संशय आला की नुसते रोमकडे किंवा जवळच्या एखाद्या चर्चकडे बोट करा, आणि ख्रिस्तसभा जे मानते ते मीही मानतो एवढाच त्या खुणेचा अर्थ समजा.

पुढे तोच क्लेश व्हिन्सेंट ह्यांच्या वाट्यास आला व तीन-चार वर्षे टिकला, असे आबेली लिहितात. तेव्हा त्यांनी विश्वासांगीकार कागदावर लिहून छातीशी ठेवला, आणि परमेश्वराशी असा ठराव केला की, मी ह्यावर हात ठेवला म्हणजे मी संशय नाकारला असे तू समजावे. बोलता येईनासे झाले तरी हात ठेवता येतो. शिवाय ते रुग्णालयात जाऊन आजाऱ्यांची सेवा करीत राहिले. आयुष्य गरिबांना वाहून घेण्याचा निश्चय केल्यावर तो अंधार दूर झाला.

ज्यांना भयाने झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जीव द्यावासा वाटतो, त्यांना प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही नेले पाहिजे, स्वतः सोबत जाऊन नेले पाहिजे. फ्रान्सिस ह्यांच्या पॅरिसमधील त्या सहा आठवड्यांचे वर्णन वाचणाऱ्यास आज हे निराळे सांगावयास नको.

जेन ह्यांचा क्लेश मात्र गेला नाही. 1610 साली फ्रान्सिस ह्यांच्या साहाय्याने त्यांनी आन्सी येथे व्हिजिटेशन संघ स्थापिला. त्यांच्या मृत्यूपर्यंत त्याचे ऐंशीहून अधिक मठ झाले. शेकडो भगिनींना त्या धीर देत, आणि स्वतः सुमारे चाळीस वर्षे विश्वासाविरुद्धच्या विचारांनी छळल्या जात. शेवटच्या काही वर्षांत तर ते अधिकच वाढले. तरीही त्यांचा चेहरा शांत असे आणि त्यांच्याएवढा दृढ विश्वास क्वचितच पाहिला, अशी साक्ष व्हिन्सेंट ह्यांनी दिली आहे. भीती गेली नाही म्हणजे विश्वास उणा, असे जो शिकवितो त्यास ह्या संत स्त्रीचे काय करावे हा प्रश्न पडेल. 13 डिसेंबर 1641 रोजी मूलाँ येथे त्यांचा अंत झाला.

त्यांनी फ्रान्सिस ह्यांना लिहिलेली पत्रे, फ्रान्सिस ह्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याकडे परत आली. त्यांतील बहुतेक त्यांनी जाळून टाकली. फ्रान्सिस ह्यांची पत्रे मात्र जपून ठेवली व 1626 साली ती छापविली; इतरांस उपयोगी पडतील म्हणून.