जुन्या लुगड्याचे पुढचे जन्म

१/१० गेल्या उन्हाळ्यात अर्धापूरच्या आमच्या घरी ट्रंकेतून आजीचे इरकली लुगडे निघाले. धाकट्या बहिणीला त्याचे जॅकेट शिवून हवे होते. आईचे म्हणणे एकच, आजीच्या वस्त्राला कात्री लागता कामा नये. मी इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. हा धागा त्या निवाड्याचा आहे.

२/१० जुन्या कपड्यांना नवे रूप देऊन वापरणे ही आजच्या पिढीची आवड आहे, असा एक समज आहे. आपल्याकडे मात्र तो घरोघरचा नित्यव्यवहार होता. त्याचे कारण वस्त्राच्या घडणीतच सापडते. नऊवारी म्हणजे सुमारे ८ मीटरचे अखंड, न शिवलेले कापड. ते कोणाच्या मापाचे नसते, म्हणून फाटले तरी त्याचे दुसरे काहीतरी होऊ शकते.

३/१० लुगडे आधी विरते ते बसण्याच्या जागी, म्हणजे मध्यावर. तेवढा भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडायचे. या जोडाला मराठीत ‘दंड’ म्हणतात. दंड घातलेले लुगडे ही गरिबीची खूण मानली जाई, परंतु त्यात काटकसरीचे एक पक्के शास्त्रही होते.

४/१० दंडही निभेना, की लुगड्याचा पुढचा प्रवास सुरू होई. धड भागातून लेकीचे परकर-पोलके निघे. मऊ झालेला भाग तान्ह्या बाळाच्या दुपट्याला आणि लंगोटाला जाई. अगदीच जीर्ण उरले, तर त्याचे पोतेरे होई.

५/१० याच प्रवासातला एक मानाचा मुक्काम म्हणजे गोधडी, अर्थात वाकळ. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे आणि धावदोऱ्याने कडेपासून आत शिवत जायचे. एकाच गोधडीत आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर आणि आत्याचा परकर शेजारी-शेजारी येतात. अभिलेखागारात ज्यांची नोंद नाही, अशा कुटुंबांचा हा दफ्तरखानाच म्हणावा लागेल.

६/१० घरात न लागणारे कपडे बोहारणीकडे जात. ती डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरे, जुने कपडे घेई आणि बदल्यात भांडे देई. कपड्याची घासाघीस अशी रंगे, की जरीच्या काठाची किंमत गृहिणीला तिथेच कळे. पुढे ते कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात विकले जात.

७/१० परंपरेत याला आणखी खोल मुळे आहेत. टाकून दिलेली वस्त्रे गोळा करून शिवलेल्या चीवराला बौद्ध परंपरेत ‘पांसुकूल’ म्हणतात. मगधातील बांध घातलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला तशा रचनेचे चीवर शिवण्यास सांगितले, असे विनयपिटक सांगते. तुकडे जोडणे हा तिथे स्वेच्छेने स्वीकारलेला अपरिग्रह होता.

८/१० पण स्वेच्छा आणि सक्ती यांत अंतर असते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत, असे सांगितले आहे. आपल्या गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ म्हणवला जाई. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला आणि अस्पृश्यतेची ओळख सांगणारे दागिने टाका, असे आवाहन केले, ते याच पार्श्वभूमीवर. जुने कापड कोणासाठी आवडीचे आहे आणि कोणावर लादलेले होते, हा प्रश्न विसरून त्याचे कौतुक करता येत नाही.

९/१० गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हीच खूण उलटवली. चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र ते अंगावर मिरवीत, म्हणून लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ म्हणत. ज्या वेशाला समाज लाज मानत होता, त्याच वेशाने त्यांनी स्वच्छतेची आणि शिक्षणाची शिकवण दिली.

१०/१० आता निवाडा. लुगडे अंगणात उलगडले. इरकलीचे अंग सुती आणि पदर रेशमी. पदर तसाच झळकत होता, अंग मात्र विरले होते. आणि बरोबर मध्यावर बारीक हाताच्या टाक्यांचा एक दंड होता. कात्री आजीनेच आधी लावलेली होती. आई बराच वेळ त्या शिवणीवरून बोट फिरवीत राहिली, मग म्हणाली, “शिव बाई, पण ही शिवण ठेव.” आम्ही आधी काठ-पदराची मापे नोंदवली, छायाचित्रे काढली, कोणाचे लुगडे, कोठून आले, हे आईकडून लिहून घेतले. जॅकेट शिवून झाले आहे. दंड त्याच्या पाठीवर आहे, दिसेल असा.

तुमच्या घरातली एखादी गोधडी आज उलगडून पाहा. तिच्यातला प्रत्येक तुकडा कोणाचा, हे सांगणारे माणूस अजून घरात असेल, तर आजच विचारून घ्या.