आयनद्रायुसन्मुख पदार्थ

अणुकेंद्रीय संमीलन (हलकी अणुकेंद्रे एकत्र येऊन जड अणुकेंद्र बनण्याची क्रिया) घडवून आणणाऱ्या विक्रियकात आयनद्रायूच्या (विद्युत् भारित कणांनी बनलेल्या अतितप्त वायूच्या, प्लाझ्माच्या) समोर येणाऱ्या भिंतीसाठी वापरण्यात येणारे पदार्थ. ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनाच्या जड समस्थानिकांच्या संमीलनासाठी विक्रियकात सु. १५ कोटी °से. तापमान राखावे लागते. चुंबकीय क्षेत्राच्या योगाने आयनद्रायू भिंतीपासून दूर ठेवला, तरी त्यातून निसटणारे कण व प्रारण (तरंगरूपी ऊर्जा) भिंतीवर आदळतात. विद्युत् भाररहित न्यूट्रॉनांना तर हे क्षेत्र अडवूच शकत नाही. भिंतीतून उडालेले अणू उलट आयनद्रायूत शिरून त्याला थंड करतात. म्हणजे भिंत टिकली पाहिजे आणि तिने आयनद्रायू दूषितही करता कामा नये. या दोन परस्परविरोधी अटींमधील तडजोड हाच या पदार्थांच्या इतिहासाचा गाभा होय.

पूर्वपीठिका : ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष होमी जहांगीर भाभा (१९०९–६६) यांनी नियंत्रित संमीलनाची रीत दोन दशकांत साध्य होईल, असे भाकीत केले होते. त्या वेळी आयनद्रायू कोंडून ठेवणे हीच मुख्य अडचण वाटत होती. १९६८ मध्ये रशियातील टी-३ या टोकामाकाने (कंकणाकृती चुंबकीय पात्राने) सु. १ कोटी °से. तापमान गाठल्याचे जाहीर झाले व पुढील वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्याची खातरजमा केली. त्यानंतर भिंतीचा प्रश्न पुढे आला.

टंगस्टन व ग्रॅफाइट : टंगस्टनाचा वितळबिंदू (३,४२२° से.) सर्व धातूंत उच्चतम असल्याने त्याची निवड साहजिक होती. तथापि त्याचा अणुक्रमांक ७४ असल्याने आयनद्रायूत शिरलेले त्याचे अत्यल्प अणूही प्रारणाच्या रूपाने पुष्कळ ऊर्जा बाहेर टाकतात. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे १९७० नंतरच्या दशकात हा अनुभव आल्यावर टंगस्टनाऐवजी ग्रॅफाइटाकडे कल झाला. कार्बनाचा अणुक्रमांक ६ असून ग्रॅफाइट वितळत नाही, त्याचे संप्लवन होते (घनातून सरळ वायू बनतो). परंतु हायड्रोजनाशी संयोग होऊन त्याची झीज होते आणि झिजलेला कार्बन अन्यत्र साचताना ट्रिटियम आपल्यात अडकवून ठेवतो. इंग्लंडमधील जेट या यंत्रावरील १९९७ च्या प्रयोगांत ही बाब स्पष्ट झाली. किरणोत्सर्गी व दुर्मिळ असे ट्रिटियम भिंतीत साठत राहणे सुरक्षिततेच्या व इंधनाच्या दोन्ही दृष्टींनी अग्राह्य ठरले.

बेरिलियम आणि टंगस्टनाचे पुनरागमन : बेरिलियमाचा अणुक्रमांक केवळ ४ आहे, मात्र ते १,२८७° से.ला वितळते व त्याची धूळ विषारी असते. जर्मनीतील गार्खिंग येथील यंत्रात २००७ पर्यंत सर्व भिंत टंगस्टनाची करण्यात आली. जेटमध्ये २०११ पासून मुख्य भिंत बेरिलियमाची व तळाचा राख-निष्कासक भाग टंगस्टनाचा होता. २०२३ मध्ये, बंद होण्यापूर्वी, त्याने ६९ मेगॅजूल ऊर्जा मिळविली. फ्रान्समध्ये उभारणी चालू असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय विक्रियकासाठीही बेरिलियमाचा बेत सोडून मुख्य भिंत टंगस्टनाची करण्याचे २०२३ मध्ये सुचविण्यात आले. त्याच्या तळाच्या भागास प्रती चौ. मी. १० मेगॅवॉट उष्णता सतत सोसावी लागेल. फ्रान्समधील वेस्ट या यंत्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये टंगस्टनाच्या सान्निध्यात आयनद्रायू १,३३७ सेकंद टिकविला.

तरीही टंगस्टन निर्दोष नाही. कमी तापमानास ते ठिसूळ असते, अतितापाने त्याच्या स्फटिकांची पुनर्रचना होऊन ते दुबळे बनते, तर हीलियमाच्या माऱ्याने पृष्ठावर सूक्ष्म तंतूंची लव उगवते. १.४ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्याचा परिणाम प्रत्यक्ष विक्रियकात अजून अजमावला गेलेला नाही.

भारतातील कार्य : गांधीनगरजवळील भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हा पहिला भारतीय टोकामाक १९८९ मध्ये कार्यान्वित झाला, त्यात ग्रॅफाइट वापरले होते. भारत २००५ मध्ये ईटरमध्ये सहभागी झाला. या संस्थेत टंगस्टनाचे ठोकळे तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्यांना जोडून त्यांच्या उष्णतासहनाच्या चाचण्या घेण्यात आल्या आहेत. महाराष्ट्रात भाभा अणुसंशोधन केंद्राने वाशी (नवी मुंबई) येथे बेरिलियम निर्मितीची सोय उभारली. विदर्भात, ब्रह्मपुरीच्या वायव्येस नागपूर जिल्ह्यात, कुही–खोबना–आगरगाव पट्ट्यातील साकोली शैलसमूहात वुल्फ्रॅमाइट व शीलाइट ही टंगस्टनाची खनिजे सापडतात. आगरगावचे वुल्फ्रॅमाइट विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात आहे. तथापि धातुकातील टंगस्टनाचे प्रमाण अल्प असल्याने तेथे मोठे खाणकाम झालेले नाही आणि देशाची गरज मुख्यतः आयातीवरच भागते. त्यामुळे संमीलन विक्रियकांची उभारणी देशात व्यापक प्रमाणावर झाल्यास या निक्षेपांचा नव्याने विचार करणे अगत्याचे ठरेल.